मोठ्या बाईंच्या टेबलाचा खण

पहिला धक्का मला कानातून बसला. हातात नेमणुकीचा कागद घेऊन मी शाळेच्या ऑफिसच्या दाराबाहेर उभी होते आणि आतून कुणीतरी कडाकडा काहीतरी चावत असल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, शिपाई असेल. मोठ्या बाई वर्गावर गेल्या असतील आणि मागे याचं चाललं असेल. रुजू झाल्यावर करायच्या कामांची एक यादी माझ्या डोक्यात तयार होती. तिच्यात मी तिथल्या तिथे भर घातली : शिपायाला शिस्त लावणे. मग आत गेले, तर टेबलामागे मोठ्या बाई स्वतःच.

पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. उजव्या हातात तांबड्या शाईचा टाक, समोर चौथीच्या गणिताच्या वह्यांचा ढीग. डावा हात टेबलाच्या उघड्या खणात. एक गणित तपासून झालं की डावा हात वर येई, एक फुटाणा तोंडात जाई, कडकन आवाज होई आणि टाक पुढच्या गणितावर सरके. बाईंनी मान वर केली नाही.

"या. नेमणुकीचा कागद अण्णांकडे द्या. फुटाणे घ्या."

"मी जेवून आलेय," मी म्हणाले.

"जेवणाचा काय संबंध? हे कामासाठी आहेत."

आजच्या मुलींना यात हादरण्यासारखं काय, ते कळायचं नाही, म्हणून सांगते. त्या काळी आमच्यासारख्या घरांत विधवा बाई दिवसातून एकदाच जेवायची. दुपारी, सगळ्यांचं झाल्यावर, मागच्या बाजूला. माझी आत्या आमच्याच घरी होती. ती पांढऱ्या मातीच्या भिंतीला टेकून गप्प बसलेली असायची आणि तिला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागायची. तिला घास तोंडात घालताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि इथे गिरणीचा अकराचा भोंगा नुकताच झालेला, ऑफिसचं दार सताड उघडं, चार हातांवर कारकून अण्णा बसलेले, आणि ही विधवा बाई शाईच्या बोटांनी, तेही डाव्या हाताने, खात होती. समोर खुर्ची रिकामी होती, पण मी बराच वेळ उभीच राहिले.

डाव्या हाताचं मी पुढे एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "उजवा सरकारी कामात असतो."

त्या दिवशी घरी आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"विधवा बाई?"

"हो."

"दिवसाढवळ्या? टेबलावर?"

"हो."

"पुरुषमाणसासमोर?"

"अण्णा कारकून होते."

सासूबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "खारे होते, की साधे?"

अण्णांचंही सांगायला हवं. साठीला आलेला, धोतर आणि पगडीतला सोवळा माणूस. विधवेला खाताना पाहायचं पाप नको म्हणून त्यांनी आपली खुर्ची भिंतीकडे तोंड करून लावून घेतली होती. कित्येक वर्षं ते तसेच बसत. बाईंना काही विचारायचं झालं तर भिंतीला विचारत. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. माझ्यासारखाच धक्का बसलेलं आणखी एक माणूस या इमारतीत आहे, एवढाच काय तो आधार होता. मग एक दिवस मी हजेरीपट घ्यायला त्यांच्या बाजूने गेले, तर भिंतीकडे तोंड केलेल्या अण्णांचा जबडा हलत होता. मांडीवर चिरमुऱ्यांची पुडी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "बेरीज मोठी आहे."

बाईंच्या खणात कप्पे होते. सुताराकडून त्यांनी ते मुद्दाम करून घेतले होते. कुठल्या कामाला काय खायचं हे ठरलेलं असे. गणिताला फुटाणे, कारण एका उत्तराला एक फुटाणा असा ठेका बसतो. निबंधांना चिरमुरे. "दोन्ही तोंडात घातल्यावर काही राहत नाही," त्या म्हणत. वेळापत्रक लावायचं असलं की शेंगदाणे आणि गुळाचा खडा. ते काम अवघड, वर्ग सात आणि आम्ही शिकवणाऱ्या पाच. शिक्षणखात्याला पत्राचं उत्तर लिहायचं असेल तर सुकं खोबरं. ते चावायला वेळ लागतो, तेवढ्यात राग उतरतो आणि भाषा सुधारते. एखाद्या मुलीचा बाप भांडायला आला, की बाई गालात खारीक धरत. खारीक मऊ होईपर्यंत बोलता येत नाही. तोपर्यंत बाप सगळं बोलून मोकळा होई आणि बहुतेक वेळा स्वतःच मवाळ होऊन निघून जाई.

"मन कुठं जातं, माहीत आहे?" त्या मला एकदा म्हणाल्या. "जिथं तोंड नेईल तिथं. तोंड रिकामं असलं की ते घराकडं जातं, चुलीकडं जातं, कोण काय बोललं तिकडं जातं. तोंडाला इथं काम दिलं की मन इथंच बसतं."

शेंगा भाजायचं काम गंगव्वाकडे होतं. ही दुधनीकडची बाई. सकाळी घरोघर फिरून मुलींना शाळेत गोळा करून आणणं ही तिची नोकरी. तिच्या कडेवर एक आणि मागे वीस मुली अशी मिरवणूक रोज पेठेतून येई. भडभुंज्याकडून फुटाणे आणणंही तिच्याचकडे. मी तिला म्हणाले, "गंगव्वा, तुला यात काही वावगं वाटत नाही?"

"काय वाटायचं?" ती म्हणाली. "बाईंचं डोस्कं जात्यावानी हाय की. वरनं दाणं टाकल्याबिगर खालनं पीठ कुटनं येनार?"

"अगं, पण त्या विधवा आहेत."

"मंग? जात्याला काय नवरा असतोय व्हय?"

मी हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेले.

पण हे सगळं बाईंपुरतं होतं तोवर ठीक होतं. खरा हादरा मला चौथीच्या वर्गात बसला. लक्ष्मी नावाची एक मुलगी होती, विणकरांच्या वस्तीतली, घरी तेलुगू बोलणारी. तिला त्रैराशिक येईना. आठवडाभर मी तेच गणित फिरवून फिरवून घातलं. ती फळ्याकडे पाही, पण तिच्या डोळ्यांत फळा उमटतच नसे. मी तिला बाईंपुढे उभी केली आणि सरळ सांगितलं, "ही मठ्ठ आहे. हिला परत तिसरीत बसवावी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या लक्ष्मीला म्हणाल्या, "सकाळी काय खाल्लंस?"

"कांड्या भरल्या," लक्ष्मी म्हणाली.

"ते काम झालं. खाल्लंस काय?"

"कांड्या भरल्यावर शाळा आली."

म्हणजे पहाटेपासून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या आणि गंगव्वाची हाक आली की तशीच उठून यायचं. घरातली पुरुषमाणसं, मग भाऊ, मग उरलं तर ही. बाईंनी खण पुढे ओढला. लक्ष्मीने ओंजळभर फुटाणे आणि गूळ खाल्ला, पाणी प्यायली, थोडा वेळ उन्हात पायरीवर बसली. मग बाईंनी तेच गणित पाटीवर घातलं. तिने ते सोडवलं. बाईंनी आकडे बदलून दुसरं घातलं. तेही सोडवलं. मी पाटी हातात घेऊन दोनदा तपासली.

लक्ष्मी गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "धाकट्या बाई, मलाही मठ्ठ म्हणत."

त्यांनी स्वतःबद्दल माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"बार्शीला दिरांचं घर. मी सोळाची असताना कपाळ पुसलं. पुढं शिकते म्हटलं तर दिरांनी हो म्हटलं. मोठ्या मनानं नाही, हिला काही यायचं नाही या खात्रीनं. आणि येतही नव्हतं. दुपारचं एक जेवण. सकाळी पुस्तक उघडलं की अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागायची. मास्तर कपाळाला हात लावायचे. मलाही पटलं, आपल्याला डोकं नाही. मग एक दिवस जावेनं जात्याच्या खोलीत वाटीभर शेंगदाणे ठेवले. का ठेवले, तिलाच ठाऊक. मी दाराआड बसून खाल्ले. आणि अक्षरं जागच्या जागी येऊन बसली."

त्यांनी तांबड्या शाईचा टाक पुसला.

"त्या दिवशी कळलं, मी मठ्ठ नव्हते. मला भूक होती."

दुसऱ्या दिवसापासून तिसरी आणि चौथीच्या गणिताच्या तासाआधी गंगव्वा परात घेऊन वर्गात येऊ लागली. स्पर्शाचा प्रश्न निघू नये म्हणून ती प्रत्येकीच्या ओंजळीत वरून वाटीने फुटाणे ओती. तास सुरू झाला की चाळीस तोंडांचा कडकड आवाज होई. गिरणीच्या माग-खात्यात शिरल्यासारखं वाटे. मी त्या आवाजात शिकवायला शिकले. मुली बेरजा करत होत्या. ज्यांना मी हुशार समजत होते त्यांच्याइतक्याच भराभर, ज्यांना समजत नव्हते त्याही.

अर्थात गावात बोभाटा झाला. परातीचा थोडा, बाईंचा जास्त. शाळा एका समितीची होती. अध्यक्ष एक वकीलसाहेब, कोट, पगडी, बोलणं तुपासारखं. दुसरे मोठे सभासद म्हणजे धान्याच्या पेठेतले म्हातारे शेटजी. देणगीदार, कडक, शाळेत आले तर पाणीसुद्धा घेत नसत. या दोघांचं मत पडेल तिकडे बाकीचे माना डोलवत. समितीकडे अर्ज गेला : मुख्य बाई विधवा असून दिवसभर, सर्वांदेखत, कशाचाही विधिनिषेध न ठेवता खात असतात. अशा बाईच्या हाताखाली आमच्या मुली काय शिकणार?

वकीलसाहेबांनी कळवलं, की गुरुवारी समिती शाळा पाहायला येईल आणि बाईंच्या बाबतीत रविवारच्या सभेत निर्णय होईल. मी पंचांग काढलं. गुरुवारी एकादशी.

दिवस मुद्दाम निवडला होता. एरवी खाणारी विधवा हा गावगप्पांचा विषय. एकादशीला खाणारी विधवा म्हटल्यावर कुणाला दुसरा पुरावा लागला नसता.

बाईंचं काय पणाला लागलं होतं, ते मला आणि अण्णांना चांगलं माहीत होतं. त्या शाळेच्या मागच्या खोलीत राहत. नोकरी गेली की खोली गेली. खोली गेली की बार्शी. दिरांचं पत्र दर दोन-तीन महिन्यांनी यायचंच : घरात बाईमाणूस कमी पडतंय, आता पुरे झालं, परत या. बार्शीला गेल्यावर चूल, भांडी, आणि दुपारचं एक जेवण. दुसरी शाळा मिळणं शक्य नव्हतं. काढलेल्या विधवेला कोण घेतो?

आम्ही दोघे त्यांच्यापुढे उभे राहिलो. अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा भिंतीकडे पाठ करून बोलले.

"बाई, एक दिवसाचा प्रश्न आहे. खणाला कुलूप लावा. किल्ली माझ्याकडे द्या."

मला वाटलं, भडकतील. खारीक काढतील. त्यांनी थोडा विचार केला.

"बरं. गुरुवारी खाणार नाही. बुधवारी रात्रीपासूनच नाही. पाहू काय होतं ते."

"काय व्हायचंय?" मी म्हणाले. "झालं तर भलंच होईल."

"किल्ली मात्र माझ्याकडे राहील," त्या म्हणाल्या.

गुरुवारी समिती आली. वकीलसाहेब, शेटजी आणि मागून बाकीचे. मी स्वागताची तयारी चोख केली होती. सतरंजी, खुर्च्या, नकाशे, शिवणाचे नमुने, सगळं यादीप्रमाणे. बाई टेबलामागे बसल्या होत्या. चेहरा कागदासारखा. खणाला कुलूप. वकीलसाहेबांची नजर सगळ्यात आधी त्या कुलपावर गेली आणि मग त्यांनी शेटजींकडे पाहिलं.

प्रश्न सुरू झाले. आणि पहिलंच उत्तर चूक आलं. पटावरच्या मुली किती, तर बाईंनी मागच्या वर्षीचा आकडा सांगितला. शिवण कुठल्या वारी, तर मंगळवारी म्हणाल्या. शिवण शुक्रवारी असे, वेळापत्रक त्यांनीच लावलेलं. अहवाल वाचायला घेतला तर एक परिच्छेद संपवून पुन्हा तोच वाचला. मला बोलावलं ते माझ्या आधीच्या बाईंच्या नावाने, ज्या लग्न होऊन मिरजेला गेल्या होत्या. टाक उचलला तो हातातून पडला आणि अहवालावर तांबडा डाग पसरला. हे सोंग नव्हतं. वर्षभर त्यांच्याजवळ काम केलेलं माणूस सोंग ओळखतं. त्यांचं डोकं खरंच चालत नव्हतं. सात वर्गांचं वेळापत्रक तोंडपाठ असलेली ती बाई समोर बसलेली होती आणि ती तिथे नव्हती.

आता संपलं, मी मनात म्हटलं. खाण्यासाठी नाही, तर नालायक म्हणून काढतील.

वकीलसाहेब उठले. त्यांचा चेहरा प्रसन्न होता.

"बाई, आमचं समाधान झालं. लोक काहीबाही बोलतात. आज तुम्ही बोललात, ते कसं मऊ, मर्यादेत. एरवी तुमच्याशी बोलायचं म्हणजे आम्हाला धास्ती वाटते. रविवारी काही अडचण येणार नाही असं समजा."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकाच्याही काही ध्यानात आलं नव्हतं. किंवा आलं असेल आणि त्यांना ते आवडलं असेल. यातलं कुठलं अधिक भयंकर, ते मला त्या वेळी ठरवता आलं नाही. पण मी सुटकेचा निःश्वास टाकला, हे खरं. नोकरी राहिली होती, खोली राहिली होती. मी मनातल्या मनात त्या कामापुढे बरोबरची खूण केली.

"बसा," बाई म्हणाल्या.

सगळे पुन्हा बसले, कशासाठी ते न कळता. बाईंनी कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि खण ओढला.

खणात शेंगदाणे होते. ते काढले असते तरी निभावलं असतं, शेंगदाणे उपासाला चालतात. बाईंनी फुटाणे काढले. एकादशीला, समितीसमोर, एक विधवा बाई फुटाणे खाऊ लागली. घाई नाही, चोरी नाही. खोलीत दुसरा आवाज नव्हता. एका सभासदाने डोळे मिटून घेतले. अण्णा भिंतीकडे वळायचंसुद्धा विसरले. मी नकाशाची काठी घट्ट धरली. बाईंनी गुळाचा खडा खाल्ला, पाणी प्यायल्या आणि डोळे मिटून थोडा वेळ बसून राहिल्या. उठून जावं, हे कुणालाच सुचलं नाही.

मग त्यांनी डागाळलेला अहवाल बाजूला सारला आणि न पाहता बोलायला लागल्या. पटावरचा खरा आकडा. वर्गवार. शिवणाचा खरा वार. मागच्या परीक्षेत कुठल्या वर्गाच्या किती मुली कुठल्या विषयात नापास झाल्या आणि का. मग मघाची एकेक चूक घेऊन, कुठे काय चुकीचं सांगितलं ते. माझी माफी मागितली, नाव चुकल्याबद्दल.

"हे... एकादशीला, बाई?" वकीलसाहेबांना एवढंच म्हणता आलं.

"मघाशी मी सगळं चूक सांगितलं, त्याचं तुम्हाला काही नाही," बाई म्हणाल्या. "उपाशी बाई तुम्हाला चालते, चुकणारीही चालते. माझ्या मुलींना चालत नाही. आता रविवारी काय ते ठरवा."

वकीलसाहेब ताडकन उठून गेले. त्यांच्यामागून बाकीचेही. शेटजी सगळ्यात शेवटी उठले. जाताना दारात थांबून त्यांनी बाईंकडे असं पाहिलं, की मला वाटलं, हा माणूस आता शाप देतो. पण ते काठी टेकत पायऱ्या उतरून गेले.

मी बाईंना म्हणाले, "काम झालं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "तेच तर."

रविवारी काय झालं ते आधी सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. अण्णा इतिवृत्त लिहायला सभेत होते, त्यांनी सांगितलं. वकीलसाहेबांनी बाईंना काढण्याचा ठराव तयारच आणला होता. पण शेटजी त्याला तयार होईनात. तेव्हा वकीलसाहेबांनी मधला मार्ग काढला : बाईंच्या टेबलाभोवती लाकडी आडोसा करावा, त्यांना काय खायचं ते आत खावं. शेटजी म्हणाले, "आडोसा नको. आमच्या घरी आहेत तेवढे पुरे." ठराव बारगळला. बाईंची नोकरी राहिली.

सगळ्यांना वाटलं, म्हातारपणी शेटजींचं डोकं फिरलं. मी आदले दोन दिवस शाळेत नसते, तर मलाही तसंच वाटलं असतं.

शुक्रवारी शेटजी एकटेच आले होते. टांगा बाहेर ठेवून, काठी टेकत. बाईंसमोर बसले आणि काठीच्या मुठीकडे पाहत म्हणाले, "बाई, एक खरं सांगा. काल आधी तुम्ही चुकत होता, ते आम्हाला दाखवायला होतं का?"

"नाही."

"आणि नंतर जमलं ते?"

"ते खाल्ल्यामुळं."

"तेवढ्यानंच?"

"तेवढ्यानंच, शेटजी."

शेटजींनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "माझी एक लेक आहे. कपाळ पुसून दहा-बारा वर्षं झाली, घरीच असते. निरोप सांगितला तर अर्धा विसरते. दूध उतू जातं, समोर उभी असून. घरात सगळे तिला येडी म्हणतात." काठीची मूठ त्यांनी अंगठ्याने पुसली. "मीपण म्हणतो."

"जेवते किती वेळा?" बाईंनी विचारलं.

"आमच्यात असतं तसंच," शेटजी म्हणाले, आणि उठून गेले.

शनिवारी सकाळी ते तिला घेऊन आले. गोदू तिचं नाव. तिशीची असेल, पदर पार कपाळावर ओढलेला, मनगटं अशी, की मी नजर दुसरीकडे वळवली. बाईंनी तिला टेबलाशी बसवलं आणि खण पुढे ओढला. गोदूने खणाकडे पाहिलं, मग बापाकडे. शेटजी काठी घेऊन उठले.

"मी बाहेर बसतो," ते म्हणाले.

"जाऊ नका," बाई म्हणाल्या. "तुम्ही बाहेर गेलात, तर तिला चोरून खाल्ल्यासारखं होईल."

ते बसले. गोदूने एक फुटाणा उचलला आणि मुठीत धरला. तोंडाकडे नेईना. मग शेटजींनी, ज्यांनी आमच्या शाळेत कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता, खणात हात घातला, चार फुटाणे तोंडात टाकले आणि उरलेल्या दातांनी ते कसेबसे चावत म्हणाले, "चांगले भाजलेत. खा, गोदे."

तिने एक खाल्ला. मग दुसरा. मग तिचा हात भराभर खाली-वर होऊ लागला. मग दुसरा हातही खणात गेला. फुटाणे, शेंगदाणे, खोबरं, जे हाताला लागेल ते. पदर मागे सरकला, तिला भान नव्हतं. हनुवटीवर गूळ लागला होता. ती चावत नव्हती, गिळत होती. घशातून आवाज येत होता. ती थांबतच नव्हती.

शेटजींच्या हातातली काठी खाली पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही. ते लेकीकडे डोळे फाडून पाहत होते. तिला अशी भूक असते हे त्या माणसाला आजवर ठाऊक नव्हतं. मी कित्येक गोष्टींनी त्या शाळेत हादरले, पण त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहणं मला जमलं नाही.

बाईंनी दारात उभ्या असलेल्या गंगव्वाला खूण केली. ती काही न विचारता भडभुंज्याकडे निघाली. मग बाई पुढे वाकल्या आणि गोदूच्या मनगटावर हात ठेवला.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "आणखी येतायत."